इंजिन बदलण्यापूर्वी

दिनांक २८ ऑक्टोबर २०२४ रोजी बडोद्यास टाटा व एअरबस यांच्या विमान-कारखान्याचे उद्घाटन भारत व स्पेन या देशांच्या पंतप्रधानांच्या हस्ते झाले. आपल्या वायुदलासाठी सी-२९५ जातीची ५६ मालवाहू विमाने घेण्याचे ठरले. त्यांपैकी ४० येथे जोडावयाची. या वार्तेने आम्हां बडोदेकरांचा ऊर भरून आला. परंतु अभिमानाबरोबर जबाबदारीही येते. तिच्याविषयी दोन शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

कित्येकांचा प्रश्न असतो : विमान आपण पैसे मोजून घेतले, मग त्यात अधिक भार घालावयास किंवा अधिक जोरकस इंजिन बसवावयास मूळ कारखानदाराची संमती कशाला? हा मिंधेपणा नव्हे काय?

आमच्या मते नव्हे. दांडगी बैलजोडी जुंपली म्हणून गाडीच्या आसाचे बळ वाढत नाही. विमानाचे वजन वाढले की उड्डाणास धावपट्टी अधिक लागते, पंखांच्या मुळाशी ताण वाढतो, उतरताना चाकांवर आघात जोराचा बसतो. दोहोंपैकी एक इंजिन बंद पडल्यास उरलेल्या एकावर विमान वर चढेल काय, हेही नव्याने ताडून पाहावे लागते. हा सारा हिशेब व त्यामागील चाचण्या रचनाकारापाशी असतात. म्हणूनच त्याची संमती हा केवळ कागदी उपचार नव्हे.

तथापि कारखानदाराचा शब्द अखेरचा, असेही आम्ही म्हणणार नाही. बोइंग कंपनीने आपल्याच जुन्या ७३७ विमानास मोठी इंजिने लावून ‘मॅक्स’ काढले. ती इंजिने पुढे व वर बसवावी लागल्याने विमानाची चाल बदलली. ती सावरण्यासाठी योजिलेली स्वयंचलित यंत्रणा एकाच संवेदकाच्या चुकीच्या सूचनेवरून विमानाचे नाक खाली दाबू लागली. २०१८ साली इंडोनेशियाजवळ व २०१९ साली इथिओपियात मिळून ३४६ जीव गेले. तपासणीचे पुष्कळसे काम सरकारी खात्याने कंपनीवरच सोपविले होते! परीक्षार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासावी, तशातलाच हा प्रकार.

तात्पर्य, रचनाकाराची संमती हवी आणि तिच्यावर त्रयस्थाची निर्भीड तपासणीही हवी.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या याच कारखान्यात अभियंते होतील. “एवढ्याशा वजनाने काय बिघडते?” असे कोणी म्हणेल, तेव्हा हिशेब मागा, आणि तो पटेपर्यंत सही करू नका.