पिशवी शिवा, पण जुन्यातून

कापडी पिशवी म्हणजे नुसते ढोंग, असे म्हणणाऱ्यांच्या हाती एक आकडा लागला आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली किराणा पिशव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुती पिशवी ७१०० वेळा वापरली तरच ती प्लास्टिकच्या तोडीची ठरते, असे त्यात निघाले. रोज बाजार केला तरी एकोणीस वर्षे! मग शिवायचीच कशाला?

आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे. ओझोनच्या थरासकट सगळे निकष लावले म्हणून तो ७१०० वर जातो. नुसता हवामानबदल पाहिला, तर त्याच अहवालात तो ५२ वर येतो; आठवड्याला एक फेरी धरली तर वर्षभराचा वापर. शिवाय डेन्मार्कमध्ये पिशव्या उघड्यावर फारशा पडत नाहीत म्हणून तो उपद्रव हिशेबात धरलेलाच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तुंबलेल्या नाल्यांतून निघालेल्या प्लास्टिकची आठवण असलेल्या मुंबईकराला ही सूट कशी परवडेल?

मुख्य म्हणजे हा हिशेब नव्या कापसाचा आहे: शेताचे पाणी, खत, सूतगिरणी, रंगाई. विरलेली चादर किंवा आखूड झालेली पँट यांचा कापूस कधीच पिकून, विणून, वापरून झालेला असतो. त्यांतून शिवलेल्या पिशवीच्या नावावर मांडायचे ते रीळभर दोरा आणि अर्ध्या तासाची मेहनत.

टीकाकारांचे एक म्हणणे मात्र बिनचूक आहे. उद्घाटनाला, मेळाव्याला वाटलेल्या कोऱ्या सुती पिशव्या कपाटात थप्पी लावून पडतात, त्यांचा बचाव करता येत नाही. आणि 'कापडी' म्हणून दुकानात मिळणारी ती रंगीत, बारीक ठिपक्यांची पिशवी? तिची कड ओढून पाहावी. उभा-आडवा धागा सुटत नाही, कारण ती विणलेलीच नसते. ते दाबून केलेले प्लास्टिकच असते.

शिवणे अवघड असते, हाही गैरसमजच. पँटचा एक पाय गुडघ्यावर कापला की दोन्ही बाजू आयत्या शिवलेल्या मिळतात. तळाला दुहेरी टीप मारायची. खरी परीक्षा बंदांची: नुसते काठाला टाचले तर दोन किलो कांद्यांतच उसवतात. टोके तीन बोटे खाली घ्यावीत, चौकोनी टीप मारून आत फुली घालावी. मशीन नसेल तर गल्लीतला अल्टरवाला हे काम करून देतो.

राज्यात २३ मार्च २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड आहे. तरी मंडईत कॅरीबॅग मिळतेच, कारण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येते. मासळीला डबा न्यावा. बाकीच्या बाजाराला दोन पिशव्या पुरतात, फक्त त्या घरच्या खुंटीवर न ठेवता स्कूटरच्या डिकीत ठेवा.