ओझे आणि न्याय

घोड्यांच्या शर्यतींचा नाद आमच्या वाचकांच्या घरांत शिरला असेल, असे मानण्याचे धाडस आम्ही करीत नाही. तथापि तेथील एक नियम बहुतेकांच्या कानांवर असतो. ज्या घोड्याचा पराक्रम अधिक, त्याच्या खोगिरास शिशाचे वजन अधिक. बलवानाचा वेग ओझ्याने आवरावा आणि दुर्बळास बरोबरीची संधी द्यावी, हे त्यातील तत्त्व. यालाच हँडिकॅप म्हणतात. परंतु हाच उपाय ग्लायडरच्या शर्यतीत योजू गेल्यास फळ उलटे मिळेल. ग्लायडर म्हणजे इंजिनावाचून उडणारे विमान; हडपसरच्या मैदानावरून उडताना पुष्कळांनी ते पाहिले असेल. त्याचा वेग ओझ्याने वाढतो!

हे कसे, ते पाहू. ग्लायडर सदैव हवेतील एका अदृश्य उतारावरून घसरत असते. चांगले ग्लायडर शांत हवेत १ किलोमीटर उंची खर्चून सुमारे ४० किलोमीटर अंतर कापते. भार वाढविला तरी हे प्रमाण जवळजवळ तेच राहते. मात्र तोच उतार ते अधिक त्वरेने उतरते. वेग भाराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. ३०० किलोग्रॅमचे ग्लायडर ३६३ किलोग्रॅमचे केले, तर भार २१ टक्क्यांनी आणि वेग १० टक्क्यांनी वाढतो. घरातील मुलांनी १.२१ चे वर्गमूळ काढून खात्री करून घ्यावी. म्हणूनच अनेक स्पर्धांत वैमानिक पंखांतील टाक्यांत पाणी भरून निघतात.

मग भरावे हवे तितके पाणी, असे कोणी म्हणेल. परंतु निसर्गाचा हिशेब चोख असतो. उन्हाने तापलेली हवा जेथे वर चढते, तेथे घिरट्या घालून ग्लायडर उंची कमावते. जड ग्लायडर त्या घिरट्यांत अधिक झपाट्याने खाली येते, शिवाय त्याचे वर्तुळही मोठे होते. त्यामुळे प्रवाहाच्या मध्यभागचा जोर त्यास लाभत नाही. प्रवाह बळकट असतील त्या दिवशी जडाची सरशी, मंद असतील त्या दिवशी हलक्याची.

आता जुने लाकडी ग्लायडर आणि नवे फायबरग्लासचे ग्लायडर एकाच स्पर्धेत उतरले, तर निवाडा कसा करावा? त्याकरिता प्रत्येक जातीस एक अंक देतात. कोणत्या वेगास ते सेकंदाला किती खाली येते, हे प्रत्यक्ष उड्डाणांत मोजून त्याची वक्ररेषा काढतात. मग वर चढणाऱ्या हवेचा ठरावीक जोर गृहीत धरून प्रवासाचा सरासरी वेग गणिताने काढतात. हे गणित रूढ होण्याचे श्रेय मुख्यत्वे अमेरिकेतील पॉल मॅक्रेडी यांचे. ते स्वतः १९५६ साली फ्रान्समध्ये या खेळात जगज्जेते झाले. निघालेला अंक पुढे स्पर्धांच्या अनुभवाने सुधारून घेतात.

समजा, एका ग्लायडरचा अंक १०० व वेग ताशी ९० किलोमीटर; दुसऱ्याचा अंक ८० व वेग ७६. वेगास अंकाने भागून शंभराने गुणिले, की पहिल्याचे ९० आणि दुसऱ्याचे ९५ होतात. मागाहून पोहोचलेला वैमानिक विजयी ठरतो.

येथेच वजनाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. अंक काढला तो विशिष्ट भार धरून. तेव्हा वैमानिकासह ग्लायडर त्या भाराहून जड भरले, तर अंकही वाढवावा लागतो. भिन्न जातींच्या ग्लायडरांकरिता जो क्लब वर्ग आहे, त्यात तर पाणी भरण्यासच मनाई असते. स्पर्धास्थळी ग्लायडर काट्यावर चढवून तोलतात, ते याचसाठी. घोड्यास न्याय मिळतो वजन लादून. ग्लायडरास मिळतो वजन मोजून.

हा न्याय निर्दोष नव्हे. अंक एकच आणि आकाशाच्या लहरी अनेक. एका हवेस जुळणारा अंक दुसऱ्या हवेत कोणावर तरी अन्याय करणारच. तरीही त्याचे मोल थोडे नाही. ज्यास नवे महागडे ग्लायडर परवडत नाही, असा होतकरू तरुण या अंकाच्या बळावर श्रीमंताच्या शेजारी उभा राहू शकतो. अंक यंत्रांतील भेद झाकतो, मनुष्यांतील नव्हे. कोणता ढग आधार देईल आणि कोणता दगा, हे ओळखणाऱ्या नजरेस कोणत्याही कोष्टकात अंक नाही. ती पारखावी म्हणूनच बाकीचे सारे तोलून घ्यावयाचे.