नाना, बऱ्हाणपूर आणि हाफ तिकीट

एक कबुली देऊन टाकते. माझ्या लॅपटॉपवर ‘नाना ट्रिप फायनल फायनल’ नावाची एक एक्सेल शीट आहे. त्यात सात कॉलम आहेत, तीन बजेट आहेत आणि जयपूर, हैदराबाद, इंदूर अशी तीन शहरं आहेत. यापैकी एकाही ठिकाणी आम्ही गेलो नाही!

झालं असं, की नानांना (वय वर्षं ७१, मुक्काम पोस्ट वरणगाव, ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर्ड) कुठेतरी फिरवून आणायचं, हे मी पुण्यात बसून दोन वर्षं ठरवत होते. आई गेल्यापासून नाना घर सोडायला तयार नाहीत. भुसावळला गेले तरी दुपारच्या जेवणाला परत. माझं बजेट म्हणाल तर फ्रीलान्सरचं, म्हणजे पेमेंट येईल तेव्हा येईल या टाइपचं. त्यामुळे ऑफ सीझन हाच आपला फंडा. फोनवर मोठ्या उत्साहाने जयपूरचा प्लॅन ऐकवला, तर नाना म्हणाले, ‘‘कायले इतके पैसे घालवते बेटा? बऱ्हानपूरले जाऊ.’’

बऱ्हाणपूर! भुसावळहून गाडीने जेमतेम तासाभराचा रस्ता. आमच्याकडच्या जुन्या लोकांसाठी बऱ्हाणपूर म्हणजे लग्नाचा बस्ता. नाना-आईचा बस्ताही तिथलाच. मला वाटलं, माझे पैसे वाचवायला बोलतायत. मग जरा वाचलं आणि गप्प बसले. फारुकी सुलतानांच्या खानदेशची ही राजधानी. अकबराने १६०१ मध्ये जवळचा असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. मुमताज महल १६३१ मध्ये इथेच, चौदाव्या बाळंतपणात वारली. आधी तिला तापीपलीकडे जैनाबादला पुरलं होतं, सहाएक महिन्यांनी आग्र्याला नेलं. म्हणजे ताजमहालाची गोष्ट सुरू झाली ती आमच्या तापीच्या काठी, आणि मी मात्र शाळेच्या ट्रिपसोबत थेट आग्रा गाठलं होतं.

आता ऑफ सीझनचं गणित. गोव्याचा ऑफ सीझन सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण आमच्या भागातल्या शहरांचा सीझन ठरतो लग्नसराईवर. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुहूर्त बंद, वऱ्हाडं बंद, लॉज रिकामे. शिवाय उन्हाळ्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा या वयाच्या माणसाला किल्ला दाखवणं हा गुन्हाच. म्हणून ऑगस्ट, आणि त्यातही मंगळवार-बुधवार. लॉजवाल्याला थेट फोन लावला आणि तीनच गोष्टी विचारल्या. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, बाथरूमची फरशी घसरडी तर नाही? घासाघीस न करताच त्याने रेट खाली आणला. मी खूश. वाटलं, आपण सॉल्लिड प्लॅनर आहोत.

माती खाल्ली ती पुढे.

रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये कोविडच्या वेळी काढून घेतली गेली, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यात स्लीपरला तुम्ही कितीही जवळ जा, भाडं किमान दोनशे किलोमीटरचं द्यावं लागतं. तासाभराच्या प्रवासाला रिझर्वेशन? छे! उलट एसटीत नाना पासष्टच्या वरचे म्हणून त्यांचं अर्धं तिकीट आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं म्हणून माझंही अर्धं. बापलेकीचं मिळून एक फुल तिकीट! वरणगावहून मुक्ताईनगर, तिथे गाडी बदलायची, मग इच्छापूरवरून थेट बऱ्हाणपूर. (माझी सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढे मध्य प्रदेश, तिथे लाड नाहीत.) मैत्रिणीला मेसेज पण टाकला, ‘सवलतीत बाप फिरवतेय.’

बसमध्ये नाना खिडकीशी बसले. पाऊस भुरभुरत होता, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. मी दोनदा पाण्याची बाटली पुढे केली. दोन्ही वेळा ‘‘नको’’. मी म्हटलं, नसेल तहान.

पोचलो, खोलीवर बॅगा टाकल्या आणि शीटबरहुकूम लगेच शाही किल्ला. तिथल्या हमामाच्या छतावर अजून रंगीत नक्षी शिल्लक आहे, ती मला नानांना दाखवायची होती. आम्ही दारापर्यंतच पोचलो. नाना भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि एकदम खालीच बसले. चेहरा पांढराफटक. माझे हातपाय गार पडले. ओरडायचंही सुचेना. समोरच्या टपरीवाल्या काकांनी स्टूल आणलं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी करून दिलं, आणि मी न विचारताच म्हणाले, ‘‘पेशाब जाना हो तो पीछे अपना घर है.’’

मग नाना बोलले. पाणी कधी प्यायला होतात? ‘‘काल संध्याकाळी.’’ का? ‘‘मोटारीत संडास राह्यतो का?’’

त्यांना दर तासा-दीड तासाने जावं लागतं. वर्षभरापासून. बीपीची गोळी लघवी वाढवणारी, त्यात प्रोस्टेट. भुसावळहून जेवायला परत यायचे ते यासाठी. घर न सोडण्याला मी ‘आईचं दुःख’ असं छान नाव देऊन ठेवलं होतं. दुःख होतंच, पण ते काही भुसावळच्या बाजारात अडवत नव्हतं. आई असती तर पहिल्या दिवशीच तिने मला फोन केला असता. नानांबद्दलचं असलं सगळं आम्हा पोरांना कायम आईमार्फतच कळत आलं. आता मधलं माणूस नाही, आणि पोरीला हे सांगायचं कसं, तर त्यांनी आपल्या परीने सोपा उपाय शोधला. पाणीच प्यायचं नाही!

माझ्या सात कॉलममध्ये टॉयलेटचा कॉलम नव्हता. लॉजच्या खोलीत कमोड आहे का हे विचारलं, पण खोलीपर्यंतच्या अडीच-तीन तासांचं काय, हे डोक्यातच आलं नाही. संध्याकाळी आमच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी बीपी तपासून घ्यायला सांगितलं आणि प्रवासाच्या दिवशी गोळी कधी घ्यायची ते बदलून दिलं. हे तुम्हीही निघायच्या आधी विचारा, आपल्या मनाने गोळी मागे-पुढे करू नका. बाकी शीटमधल्या नऊ जागांपैकी सात मी त्याच रात्री उडवल्या.

दुसऱ्या दिवशी एकच जागा, कुंडी भंडारा. १६१५ मध्ये अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, तोच दोह्यांचा रहीम, ही पाण्याची व्यवस्था बांधली. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं आणि निव्वळ उतारावर शहरापर्यंत आणायचं. वर थोड्या थोड्या अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या, शंभरावर, हवा खेळायला आणि साफसफाईला. खाली उतरायचं मी नावही काढलं नाही. नाना एका कुंडीच्या कठड्याला टेकून अर्धा तास खाली बघत राहिले. मशीन शॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस! ‘‘पंप नही, काही नही. निस्ता ढाळ,’’ असं तीनदा म्हणाले. मग रिक्षा करून शहरात, मावा जिलेबी. काळपट, जाड, खव्याची. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. बस्त्याचं दुकान काही सापडलं नाही. नानांनी दोन गल्ल्या ओळखल्या, तिसरीत थांबले आणि ‘‘चाल’’ म्हणाले. दराबा मात्र किलोभर घेतला, शेजारच्यांना वाटायला.

परतताना स्लीपरचं रिझर्वेशन केलं. दोनशे किलोमीटरचे पैसे भरून, तासाभरासाठी, मुकाट्याने. तुम्ही लांबचं बुकिंग करणार असाल तर एक लक्षात ठेवा. लोअर बर्थचा वेगळा कोटा साठीवरचे पुरुष आणि पंचेचाळिशीवरच्या बायका यांच्यासाठी असतो, आणि एका तिकिटावर त्यातलीच फार तर दोन माणसं चालतात. तुम्ही कौतुकाने आपलंही नाव घातलंत की तो कोटा गेला. त्यामुळे आई-बाबांचं तिकीट वेगळं, आपलं वेगळं.

गाडीत बसल्यावर नानांनी अर्धी बाटली पाणी संपवलं, एकदा जाऊन आले, उरलेली संपवली. भुसावळ यायच्या जरा आधी म्हणाले, ‘‘ते जयपूर किती लांब हाये?’’

सांगितलं. खिडकीबाहेर बघत त्यांनी हिशोब केला.

‘‘शीट संडासच्या जवळची घे. वास आला तं येऊ दे.’’