आधी बेडी, मग चौकशी?



पुण्यात ऑनलाइन बाजारपेठ काढू पाहणाऱ्या माझ्या भाच्याने परवा फोनवर विचारले, "मामा, कोणी भलतेच काही विकायला ठेवले, तर पकडतील कोणाला?"

मला डिसेंबर २००४ आठवला. बाझी डॉट कॉमवर एकाने अश्लील चित्रफीत विकायला ठेवली. तो पकडला गेलाच. पण कंपनीचे प्रमुख, अमेरिकन नागरिक अवनीश बजाज यांनाही दिल्ली पोलिसांनी अटक केली. २००८ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ सुधारून मध्यस्थांना संरक्षण दिले गेले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मजकूर काढण्याची सक्ती न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशानेच होईल. त्याच निकालात कलम ६६ अ रद्द झाले. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये अटक झाली, त्यात हेच कलम लावले होते.

कंपन्यांना मोकळे रान द्या, असे मी म्हणत नाही. आदेश येऊनही जो माल हलवत नाही, त्याला जरूर धरा. पण आधी बेडी नि मग चौकशी असेल, तर भ्यालेला मालक शंका येताच सारे पुसून टाकील. त्यात पहिल्यांदा जाईल ते न पटणारे मत.

भाच्याला म्हटले, "धंदा काढच. पण जागेआधी वकील शोध."