किल्ला वसईत, किल्ली क्लाउडात!

गेल्या शनिवारी सकाळी आठला मामाचा फोन. "अरे, नेट आहे पण नेट नाही. ये लवकर." आठवडाभर ऑफिसात हेच काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच... पण मामाला नाही कोण म्हणणार? विरारहून वसई रोड, तिथून पूर्वेला शेअर रिक्षा, आणि वालीव.

मामाचा प्लास्टिक मोल्डिंगचा छोटासा गाळा आहे. चार मशिनं, चौदा माणसं, टॅलीचे दोन पीसी, आठ कॅमेरे आणि त्या दिवशी दारात ई-वे बिलासाठी खोळंबलेला टेम्पो. फायबरच्या मोडेमवर हिरवा दिवा, पण त्यापुढचा फायरवॉलचा डबा काही पुढे सोडायला तयार नाही. थोडी खोदाखोद केल्यावर कळलं, डब्याचं लायसन्स संपलंय. आठवणीचे मेल म्हणे महिनाभर येत होते. कुणाला? तर तीन वर्षांपूर्वी ज्याने डबा बसवला त्याच्या जीमेलवर. तो धंदा बंद करून कधीच गावी गेलेला.

"म्हणजे डबा माझा, पैसे माझे आणि कुलूप त्याचं?" मामा म्हणाला. मी काय बोलणार, कप्पाळ? डबा बाजूला काढून मोडेमची वायर थेट स्विचला लावली, पीसी रिस्टार्ट केले, बिल निघालं, टेम्पो गेला. माझं डोकं मात्र तिथेच अडकलं.

आता कुणी म्हणेल, हे क्लाउडचं खूळ हवंय कशाला? दुकानातला साधा राउटर काय वाईट? मला हे पटत नाही. मामाच्या गाळ्यात आयटीवाला नाही आणि कधी असणारही नाही. एमआयटीतल्या रूफनेट प्रयोगातून २००६ साली मेराकी निघाली, २०१२ मध्ये सिस्कोने १२० कोटी डॉलर मोजून ती घेतली, ते उगाच नाही. डबा इंटरनेटला लागला की स्वतःहून बाहेर कॉल करतो, आपला सिरीयल नंबर सांगतो आणि सेटिंग उतरवून घेतो. बाहेरून आत शिरायला स्टॅटिक आयपी लागत नाही. त्यामुळे फोर-जी डोंगलच्या मागेसुद्धा, जिथे पोर्ट फॉरवर्डिंगची बोंब असते, तिथेही तो चालतो. जुलै २०१८ च्या पुरात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या. अशा दिवशी गाळ्यावर पोचायचं कसं? वीज आणि लाइन शाबूत असेल तर घरबसल्या बघता येतं, हे काय कमी आहे?

पण विकत घेताना दोन वेगळे प्रश्न विचारायला हवेत, आणि आपण नेमकी त्यांचीच गल्लत करतो. पहिला: क्लाउडशी संपर्क तुटला तर काय? याचं उत्तर बहुतेक वेळा चांगलं असतं. डबा शेवटच्या सेटिंगवर काम करत राहतो, फक्त बदल करता येत नाहीत. दुसरा: लायसन्स संपलं तर काय? इथे कंपनीगणिक उत्तर वेगळं. काही ठिकाणी फक्त नवे अपडेट थांबतात. काही ठिकाणी थोडे दिवस मुदत मिळते आणि मग ट्रॅफिकच बंद! हे उत्तर कोटेशनवर लेखी घ्या.

मामाकडे नवा डबा लावताना मी एवढं केलं: खातं गाळ्याच्या स्वतःच्या ईमेलवर. मालक मामा, दुसरी अ‍ॅडमिन मामी, आणि मी तिसरा, कधीही काढून टाकता येईल असा. दोघांच्याही मोबाईलवर टू-स्टेप. टॅली, कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय तिघांना वेगळे व्हीलॅन. मोडेम आणि डबा दोन्ही एकाच यूपीएसवर. आणि लायसन्सची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जीएसटीच्या तारखांशेजारी लाल पेनाने. मामी त्या तारखा कधीच चुकवत नाही :)

आता कबुली. मामा त्या बसवणाऱ्याला शिव्या घालत होता तेव्हा मी गप्प होतो, कारण दोन वर्षांपूर्वी मावसबहिणीच्या दवाखान्यात असाच डबा मी लावलाय. खातं कुणाच्या ईमेलवर? माझ्याच! तिला ओटीपी-पासवर्डची कटकट नको म्हणून. त्या माणसाच्या मनातही लबाडी नसेल, हीच सोय असेल. उद्या मी देश सोडला, किंवा गाडीतून पडलो, तर तिच्या पेशंटच्या रांगेचं काय?

वसईचा किल्ला घ्यायला १७३९ साली चिमाजी अप्पांना तटाला सुरुंग लावावे लागले. आपल्याच दुकानाच्या नेटवर्कमध्ये शिरायला मालकाला तेवढं करायला लागू नये, एवढंच माझं म्हणणं. डबा कुठला घ्यायचा हे तुम्ही आम्हा इंजिनीअरांना जरूर विचारा, पण किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. आम्ही रागावलो तरी चालेल.

असो. परतताना लोकलमध्ये चौथी सीट मिळाली. नालासोपारा येईपर्यंत दवाखान्याचं खातं बहिणीच्या नावावर करायला घेतलं होतं. तिचा मेसेज आला, "हा कसला ओटीपी आलाय रे?" म्हटलं, तुझ्याच घराची किल्ली आहे, जपून ठेव.