दारातली गाडी आणि रस्त्यावरची गाडी



हर्सूलच्या टी पॉइंटवर घटकाभर उभे राहिले, तर हिरव्या पाटीची वाहने अधूनमधून जाताना दिसतात. पाटीवर पांढरी अक्षरे असली तर गाडी घरची, पिवळी असली तर भाड्याची. विजेवर चालणाऱ्या वाहनांची ही खूण आता आपल्या मुलांनाही पाठ झाली आहे. खेड्यातल्या बैठकीत खतांचे आणि बियाण्यांचे बोलणे संपले की एखादा तरुण हळूच विचारतो, "साहेब, विजेची मोटार आपल्यासाठी आहे का? की ती बड्यांची ऐट?"

असा प्रश्न पडावा याला आपल्या जिल्ह्यात कारणही आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक आणि व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज मोटारी एकदम खरेदी केल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. शहराचे नाव देशभर व्हावे हा हेतू होता आणि तो साधलाही. पण बोभाटा आणखी एका गोष्टीचा झाला. त्या मोटारींसाठी बँकेने सात टक्क्यांच्या आसपास व्याजाने कर्ज दिले, आणि त्याच काळात याच जिल्ह्यातला शेतकरी ट्रॅक्टरच्या कर्जावर त्याहून पुष्कळ जास्त व्याज भरत होता. पुढे २०२२ च्या सुमारास त्याच शहरात ‘औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ या नावाने अडीचशेच्या आसपास विजेच्या गाड्या एकदम घेण्याचा बेत झाला. विचार चांगला होता, धूर कमी व्हावा असाच होता. पण गावाकडच्या माणसाला दीडशे मर्सिडीज आठवल्या, आणि विजेची मोटार म्हणजे श्रीमंतांचे नवे खूळ अशी त्याची समजूत झाली.

ही समजूत अर्धीच खरी आहे. वाहनाचा मान कसा उतरतो ते आपण पाहिलेले आहे. एके काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. लग्नाच्या याद्यांत घड्याळ, रेडिओ आणि स्कूटर यांवरून रुसवेफुगवे होत. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आपल्या वाळूजला आला. पुढे काही वर्षांतच दुचाकीवर दुधाच्या किटल्या लटकू लागल्या, आणि ज्या दिवशी किटली लटकली त्या दिवशी तिची ऐट संपली. विजेच्या वाहनांतही किटली लटकवणारी वाहने आलीच आहेत, फक्त ती मोटारी नव्हेत. ती आहेत ई-रिक्षा, माल वाहणारी तीनचाकी आणि स्कूटर. आपल्या भागात वीज रस्त्यावर आली ती या मार्गाने, आणि माझ्या मते तोच मार्ग बरोबर आहे.

आता मोटारीचा हिशेब करू. कागद-पेन्सिल घ्या आणि आपापल्या गावचे भाव घालून ताडून पाहा.

लहान पेट्रोल मोटार लिटरला १६ किलोमीटर चालते असे धरा. पेट्रोल शंभरीच्या वर आहे, म्हणजे किलोमीटरला साधारण साडेसहा रुपये पडतात. लहान विजेची मोटार एका युनिटात सुमारे ७ किलोमीटर जाते. घरगुती विजेचा युनिट सरासरी १२ रुपये धरला, तर किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या आत. म्हणजे किलोमीटरमागे जवळजवळ ५ रुपये वाचतात. पण तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ती घेतानाच सुमारे तीन लाख रुपये जास्त मोजावे लागतात असे समजा. ते तीन लाख वसूल व्हायला गाडी ६० हजार किलोमीटर चालली पाहिजे.

ज्याची मोटार दिवसाला २० किलोमीटर चालते, त्याला याला आठ वर्षांहून अधिक लागतील. पुष्कळशा गाड्यांच्या बॅटरीची हमीही आठ वर्षांचीच असते. म्हणजे हमी संपत आली आणि आपण नुकतेच बरोबरीला आलो! याउलट जो फुलंब्रीकडून दूध किंवा भाजी घेऊन रोज शहरात येतो, येऊन-जाऊन साठेक किलोमीटर करतो आणि वर्षातले तीनशे दिवस फिरतो, त्याचे पैसे साडेतीन वर्षांच्या आत सुटतात.

शेतीच्या शिक्षणात आम्हाला ट्रॅक्टरचा असाच हिशेब शिकवीत. वर्षाला हजार तासांच्या आसपास काम मिळाले तर ट्रॅक्टर घरचा, नाही तर भाड्याचा बरा. विजेची मोटारही त्याच जातीची आहे. ती चालली तर रोजच्या वापराची. दारात उभी राहिली तर केवळ शोभेची, मग मालक उद्योगपती असो की दहा एकरांचा बागायतदार. लग्नसराई, हर्सिद्धी मातेची जत्रा आणि महिन्यातून दोनदा शहरातला दवाखाना, एवढ्यासाठी तीन लाख जास्त घालू नयेत. घरातली मुलगी रोज कॉलेजला जात असेल, तर आधी विजेच्या स्कूटरचा विचार करा. तिची बॅटरी सुमारे तीन युनिटांत भरते आणि ऐंशीएक किलोमीटर नेते.

विजेबद्दल दोन शब्द सविस्तर लिहितो, कारण फसगत इथेच होते. मोटार रोज साठ किलोमीटर चालली तर महिन्याला दोनशेवर युनिट लागतात. घरचा वापर त्यात मिळवला की बिल वरच्या टप्प्यात जाते, आणि तीनशे युनिटांच्या पुढचा दर चांगलाच चढा असतो. तेव्हा वर धरलेले बारा रुपये आपल्या बिलावर तपासूनच घ्या. ज्यांच्या घरावर पत्रा किंवा स्लॅब मजबूत आहे, त्यांनी पीएम सूर्यघर योजना पाहावी. तीन किलोवॅटच्या संचाला केंद्राचे ७८ हजार रुपये अनुदान आहे, आणि तेवढ्या संचातून महिन्याला तीनशेच्या आसपास युनिट मिळू शकतात.

साधी मोटार घरी भरायची तर १५ अँपिअरचा स्वतंत्र बोर्ड आणि पक्के अर्थिंग हवे. तासाला तीन युनिट या हिशेबाने २४ युनिटांच्या बॅटरीला आठ तास, म्हणजे रात्रभर लागतात. रात्री गावात दाब कमी असला की भरणे रेंगाळते, कधी थांबते. लांबवलेल्या वायरीवर भरू नका. आणि विहिरीवरच्या पंपाच्या जोडणीवर तर मुळीच भरू नका. ती वीज शेतीसाठी सवलतीने मिळालेली असते. दुसऱ्या कामाला वापरली तर कायद्याने ती अनधिकृत ठरते आणि दंडासह बिल येते. "कोण पाहतो?" असे म्हणणारे शेजारी दंड भरायला येत नाहीत.

सरकारच्या सवलतींचे मात्र मला नवल वाटते. विजेच्या मोटारीवर ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के जीएसटी आहे, मग ती आठ लाखांची असो की कोटीची. ट्रॅक्टरवर तो १२ टक्के होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो पाचवर आला, म्हणजे सहा वर्षे कोटीची मोटार ट्रॅक्टरपेक्षा कमी दराने कर भरीत होती! मार्च २०२५ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर सुचवला होता, तो त्याच महिन्यात मागे घेतला. राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना आणि बसना टोल माफ झाला. माल वाहणाऱ्या विजेच्या गाडीला ती माफी नाही. जाधववाडीच्या बाजारातून भाजी भरून निघालेल्या गाडीला जे नाही, ते सहलीला निघालेल्या मोटारीला आहे. हे उलटे व्हायला हवे होते, असे मी स्पष्ट लिहितो.

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेचे धोरण त्या मानाने शहाणपणाचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेत दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक आणि रुग्णवाहिका घेतल्या. खासगी मोटारीला अनुदान ठेवले नाही. राज्याच्या धोरणात विजेच्या ट्रॅक्टरचाही समावेश आहे. तो आपल्या काळ्या रानात नांगराला कितपत टिकतो, हे मात्र प्रत्यक्ष शेतावर पाहिल्याशिवाय कोणी सही करू नये. विक्रेत्याला सांगा, आमच्या रानात चार तास चालवून दाखवा.

आणखी एक. शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात आपल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. तिथेच आता विजेच्या स्कूटरचा आणि मोटारींचे कारखाने येण्याचे करार २०२४ मध्ये झाले आहेत. ज्यांचे रान तिथे गेले, त्यांच्या मुलामुलींनी आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि मोटार दुरुस्तीचे अभ्यासक्रम पाहून ठेवावेत. प्रवेशाची वेळ साधारण दहावीच्या निकालानंतर असते. गुणपत्रिका, जातीचा व अधिवासाचा दाखला आणि जमीन संपादनाचे कागद आधीच एका पिशवीत घालून ठेवा.