नफा रोख घ्यायचा की शेअरमध्ये वळवायचा? शेतकरी कंपनीच्या सभेत हात वर करण्याआधी हे वाचा

जालना : ऑगस्ट-सप्टेंबर आला की जिल्ह्यात सभांचा हंगाम सुरू होतो. विकास सोसायटी, पतसंस्था, साखर कारखाना आणि आता जोडीला शेतकरी उत्पादक कंपन्या. आठही तालुक्यांत सोयाबीन, तूर, मोसंबी, रेशीम कोष अशा मालावर या कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. काहींच्या ताळेबंदात आता दोन पैसे नफा दिसू लागला आहे. नफा दिसला की सभेत एकच विषय गाजतो. वाटून टाका, असं एक बाजू म्हणते. कंपनीतच ठेवा, त्याचे शेअर द्या, असं दुसरी म्हणते.

वरवर पाहता हा हजार-दोन हजारांचा प्रश्न आहे. पण कंपनी पुढच्या हंगामात काटा लावणार की कुलूप, हे बऱ्याचदा याच ठरावावर ठरतं. आणि शेअर घेणाऱ्या सभासदाचा पैसा पुन्हा हातात येणार की नाही, हेसुद्धा.

कायदा काय सांगतो

शेतकरी उत्पादक कंपनी हा प्रकार कंपनी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आला. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्याच्या तरतुदी २०१३ च्या कंपनी कायद्यात २१-अ या प्रकरणात बसवल्या आहेत. सभासदाला काय मिळणार, ते कलम ३७८-ई मध्ये आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर पैसा तीन वाटांनी येतो.

पहिली वाट म्हणजे रोखून ठेवलेली किंमत. माल घेताना कंपनी थोडी रक्कम मागे ठेवते आणि नंतर देते. ती रोख देता येते, वस्तूच्या रूपात देता येते किंवा शेअरच्या रूपात देता येते.

दुसरी वाट म्हणजे भागभांडवलावरचा मर्यादित परतावा, म्हणजे आपण ज्याला डिव्हिडंड म्हणतो तो. नावातच ‘मर्यादित’ आहे. त्याची कमाल टक्केवारी कंपनीच्या नियमावलीत लिहिलेली असते. नफा कितीही झाला तरी त्या पुढे जाता येत नाही.

तिसरी वाट पॅट्रोनेज बोनसची. परतावा आणि राखीव निधी बाजूला काढून जे उरेल, ते सभासदांनी कंपनीशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात वाटायचं. ज्याने चाळीस क्विंटल घातले त्याला चाळिसाचं आणि ज्याने काहीच घातलं नाही त्याला काहीच नाही. हा बोनस रोख द्यायचा, शेअरमध्ये द्यायचा की दोन्ही मिळून, हे सर्वसाधारण सभेत सभासदांनी ठरवायचं असतं. एकट्या संचालक मंडळाला तो अधिकार नाही.

इथेच बहुतेक सभासद गाफील राहतात. बाजारातल्या कंपनीचा डिव्हिडंड खात्यात आला की त्याचं काय करायचं ते ज्याचं तो ठरवतो. इथे तसं नाही. ठराव झाला की तो सगळ्यांना लागू. म्हणून बोलायचं ते सभेतच. नंतर पारावर बोलून उपयोग नाही.

दोन हजारांचा हिशोब

समजा, एका कंपनीने वर्षभरात सहा हजार क्विंटल सोयाबीन घेतलं आणि सगळं वजा जाता बोनससाठी ३ लाख रुपये उरले. क्विंटलमागे ५० रुपये पडले. चाळीस क्विंटल घालणाऱ्याला २ हजार मिळतील. डीएपीची गोणी १,३५० रुपयांना आहे. म्हणजे दीड गोणीचे पैसे. घरात आले तर कुठे गेले तेही कळणार नाही.

आता तेच ३ लाख कंपनीत राहिले असं धरा. पाच हजाराच्या भावाने त्यात ६० क्विंटल माल रोखीने घेता येतो. माल विकून तोच पैसा हंगामात पाच वेळा फिरला तर ३०० क्विंटल झाले. हेच ३ लाख बाहेरून वर्षाला १४ टक्क्यांनी चार महिन्यांसाठी उचलले तर १४ हजार रुपये व्याज जातं. आणि पैसाच नसेल तर शेतकऱ्याला ‘पंधरा दिवसांनी ये’ म्हणावं लागतं. पेरणीची उधारी डोक्यावर असलेला शेतकरी पंधरा दिवस थांबत नाही, तो सरळ आडतीवर जातो. बऱ्याच कंपन्यांची खरेदी इथेच अडते. भाव चांगला असतो, काटा चोख असतो, पण हातात पैसा नसतो.

सरकारी योजनांनाही स्वतःचा पैसा लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांच्या केंद्रीय योजनेत समभाग अनुदान आहे. सभासदामागे २ हजारांपर्यंत आणि कंपनीला जास्तीत जास्त १५ लाख. पण ते बरोबरीचं अनुदान आहे. सभासदांनी भांडवल घातलं तर तेवढंच सरकार घालतं. राज्याच्या ‘स्मार्ट’ प्रकल्पातही गोदाम किंवा स्वच्छता-प्रतवारी युनिट उभारायचं तर अनुदान सोडून उरलेला हिस्सा कंपनीलाच उभा करावा लागतो. भागभांडवल पाच लाखांवर अडकलेलं असेल तर बँकही दारात उभं करत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या ‘सह्याद्री’चं नाव आज सगळे घेतात. २०२२ मध्ये तिच्या काढणीपश्चात व्यवसायाच्या कंपनीत युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. पण बाहेरचा एवढा पैसा येण्याआधी दहा-बारा वर्षं शेतकऱ्यांनी तिथे माल आणि भांडवल दोन्ही घातलं होतं.

मग शेअरच घ्यायचे का?

इथे थोडं थांबायला हवं. शेअर म्हटलं की खानदेशातल्या अमळनेरचं उदाहरण निघतंच. विप्रोची सुरुवात २९ डिसेंबर १९४५ रोजी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून झाली. गावातल्या अनेकांनी तेव्हा आणि पुढे शेअर घेतले, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आणि त्यांच्या घरात लाखो-कोटींची मालमत्ता झाली. कंपनीने वेळोवेळी बोनस शेअर दिले. अलीकडचंच बघा. २०१७ मध्ये एकास एक, २०१९ मध्ये तीनास एक, २०२४ मध्ये पुन्हा एकास एक. २०१७ च्या बोनसआधी ज्याच्याकडे ३०० शेअर होते, त्याचे न विकता १,६०० झाले. बोनस मिळाला की शेअरचा भाव त्या प्रमाणात खाली येतो, त्यामुळे त्या दिवशी कुणी श्रीमंत होत नाही. श्रीमंती आली ती कंपनीने नफा वाटून न टाकता धंद्यात घातला आणि धंदा वाढला म्हणून. त्याच काळात बंद पडलेल्या कंपन्यांचे कागदही अनेकांच्या पेटीत पडून आहेत, हेही विसरू नये.

पण अमळनेरचा धडा जालन्यातल्या शेतकरी कंपनीला जसाच्या तसा लागू होत नाही. कारण विप्रोचा शेअर उद्या सकाळी बाजारभावाने विकता येतो. शेतकरी कंपनीचा शेअर कुठल्याही शेअर बाजारात नसतो. तो द्यायचा तर संचालक मंडळाची आधी मंजुरी लागते, घेणारा कंपनीचाच सक्रिय सभासद असावा लागतो आणि किंमत दर्शनी. दहा रुपयांचा शेअर दहालाच. कंपनी दहा पटीने वाढली तरी विकताना दहाच. मुलीच्या लग्नात किंवा दवाखान्याच्या वेळी तो मोडून पैसा करता येईल, असं कुणी समजू नये.

दुसरी गोष्ट मताची. जास्त शेअर घेतले म्हणजे जास्त वजन, असंही नाही. वैयक्तिक शेतकरी सभासदाला एकच मत. शंभर शेअरवाल्याला एक आणि हजारवाल्यालाही एकच.

मग शेअर वाढवून मिळतं काय? दोनच गोष्टी. एक, नियमावलीतल्या मर्यादेत दरवर्षीचा परतावा. दुसरी आणि खरी गोष्ट म्हणजे आपल्या मालाला गावाजवळ चालू राहिलेला काटा. म्हणून साधा नियम असा : जो आपला माल तिथे घालतो आणि पुढेही घालणार आहे, त्याला शेअर परवडतो. जो घालत नाही, त्याच्यासाठी तो अडकलेला पैसा आहे.

परताव्यावर परतावा

दरवर्षीच्या परताव्याचाही हिशोब करून बघायला हरकत नाही. १० हजारांचे शेअर आहेत आणि दरवर्षी १० टक्के मिळतात असं धरू. दरवर्षीचे हजार रुपये रोख घेतले तर दहा वर्षांत १० हजार हातात आले आणि १० हजारांचे शेअर राहिले, एकूण २० हजार. तेच हजार दरवर्षी पुन्हा शेअरमध्ये घातले आणि त्यावरही १० टक्के मिळत गेले तर दहा वर्षांनी सुमारे २५,९०० होतात. फरक सहा हजारांच्या आतबाहेर. पण तो तेव्हाच, जेव्हा दहाही वर्षं नफा होईल आणि दहाही वर्षं परतावा मिळेल. एका दुष्काळात किंवा एका अतिवृष्टीत हे गणित मोडतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात उभं पीक पाण्यात गेलं ते सगळ्यांना आठवतं. अशा वर्षी मालच येत नाही, तर कंपनीला नफा कुठून येणार?

म्हणून घरची स्थितीही बघावी लागते. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर सवलतीमुळे व्याजाचा बोजा राहत नाही. थकलं की सवलत जाते आणि व्याज चढायला लागतं. ज्याचं कर्ज थकायला आलं आहे किंवा ज्याने खासगीतून शेकडा दोन-तीनने महिन्याला पैसे उचलले आहेत, त्याने आधी ते फेडावं. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. कुठलाच शेअर तेवढं देत नाही.

सोसायटी, पतसंस्था आणि बाजारातले शेअर

विकास सोसायटीत कर्जाच्या प्रमाणात शेअर कपात होते, हे सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला जातो आणि लाभांश १५ टक्क्यांच्या वर विशेष मंजुरीशिवाय देता येत नाही. कितीतरी सभासदांनी आपला लाभांश वर्षानुवर्षं उचललेलाच नसतो. तो कुठे पडून आहे, एवढं तरी सचिवांना विचारावं.

पतसंस्थेत ‘लाभांशाचे शेअरच घ्या’ म्हटलं तर एक लक्षात ठेवावं. शेअर म्हणजे ठेव नव्हे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. तो शेअरला नाही, आणि पतसंस्थेच्या ठेवीलाही नाही.

आता डिमॅट खातं गावातल्या तरुणांकडेही आहे. बाजारातल्या कंपनीचा डिव्हिडंड थेट बँक खात्यात येतो. पुन्हा शेअर घ्यायचे तर स्वतःच घ्यावे लागतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी हा डिव्हिडंड करपात्र आहे. पुन्हा गुंतवला म्हणून कर सुटत नाही. एप्रिल २०२५ पासून एका कंपनीकडून वर्षाला दहा हजारांच्या वर डिव्हिडंड असेल तर १० टक्के कर कापून पैसे येतात. उत्पन्न कराच्या मर्यादेत नसेल तर विवरणपत्र भरून ते परत मागता येतात.

सभेत विचारायचे चार प्रश्न

सभेची लेखी नोटीस किमान १४ दिवस आधी मिळायला हवी आणि तिच्यासोबत विषयपत्रिका व हिशोबाची पत्रकं असायला हवीत. ती वाचून जावं आणि हे विचारावं :

१. वाटप बोनसचं आहे की बोनस शेअरचं? नावं सारखी असली तरी गोष्टी दोन आहेत. पॅट्रोनेज बोनस माल घालण्याच्या प्रमाणात मिळतो. राखीव निधीतून दिलेले बोनस शेअर मात्र हातातल्या शेअरच्या प्रमाणात मिळतात. माल न घालणाऱ्या मोठ्या भागधारकाचा फायदा दुसऱ्यात आहे.

२. पैसा कंपनीत ठेवला तर तो कशात जाणार? खेळत्या भांडवलात, गोदामात की जुनी देणी भागवायला? उत्तर आकड्यात हवं आणि इतिवृत्तात लिहिलं जावं.

३. सभासदाला बाहेर पडायचं असेल किंवा त्याचं निधन झालं तर शेअरचं काय? वारस नोंद केली आहे का? सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत ती करायची असते.

४. अर्धं रोख, अर्धे शेअर असा ठराव करता येईल का? कायद्यात ‘दोन्ही’ची सोय आहे. अडचणीच्या वर्षात अल्पभूधारकाला थोडा पैसा हातात मिळतो आणि कंपनीचं भांडवलही वाढतं. बऱ्याच ठिकाणी हाच मार्ग परवडणारा आहे.

नियमावलीत जास्त सांगितलं नसेल तर सभेला एकूण सभासदांच्या चौथा हिस्सा हजर असावा लागतो. पाचशे सभासद असतील तर सव्वाशे. उरलेले पावणेचारशे घरी बसले तरी ठराव त्यांच्याही पैशाचा होतो. त्यामुळे रोख हवं असो की शेअर, त्या दिवशी नोटीस हातात घेऊन सभेला गेलेलं बरं.